वैद्याचा पळस

एका जंगलात एक अस्वल राहत असे. राहत तर तिथे सगळेच असत. हे अस्वल वैद्यकी करीत असे, म्हणून त्याची गोष्ट. वैद्यकी बापापासून चालत आलेली. पोटावर पंजा ठेवायचा, जीभ बघायची, चार प्रश्न विचारायचे आणि उगाळलेल्या मुळीचे चाटण द्यायचे, ही घराण्याची रीत. जंगलात त्याला सगळे वैद्यबुवा म्हणत. मुलांनो, आपणही तसेच म्हणू. वैद्याला अरेतुरे करू नये; आपल्यावर कधी वेळ येईल सांगता येत नाही.

आत काय बिघडले आहे ते कधी कधी पंजाला कळत नसे. मग रोग्याला तपासणीला पाठवावे लागे. ओढ्याकाठच्या डबक्यात एक जळू होती. ती रक्ताचा घोट घेऊन त्याची चव सांगे. बाभळीच्या बुंध्याशी मुंगळे होते. रोग्याच्या लघवीभोवती ते जमले तर साखर आहे, फिरकले नाहीत तर नाही, असा सरळ कारभार. आणि जुन्या आंब्याच्या ढोलीत एक वटवाघूळ उलटे टांगलेले असे. ते पोटाजवळ तोंड नेऊन बारीक आवाज काढी आणि परत आलेला आवाज ऐकून आतली हकीकत सांगे. मात्र वैद्यबुवांच्या नखाची खूण असलेले पान दाखवल्याशिवाय हे तिघेही कुणाला हात लावत नसत. एका पानाला एक तपासणी. नियम चांगला होता. तो नसता तर ज्याच्या त्याच्या पायाची चव बघत हिंडायला जळूने कमी केले नसते.

वैद्यबुवांचे वडील एका उंच जांभळाखाली, सपाट दगडावर बसत. वैद्यबुवाही तिथेच बसू लागले होते. पण त्यांचे लग्न ठरले तेव्हा मांडव पळसाखाली घातला, कारण तिथे जागा ऐसपैस. नवरदेवाला बसायला दगडही तिकडेच लोटत नेला. लग्न झाले, पाहुणे जेवून गेले, मांडव उतरला. दगड तिथेच राहिला. दगड परत न्यायचा तर ‘चला, दगड परत नेऊ’ असे कुणीतरी म्हणावे लागते. ते कुणी म्हटले नाही.

नवी सून पलीकडच्या डोंगरावरची होती. ती कमी बोले. ‘नव्या घरात तोंडाला काम थोडं आणि कानाला पुष्कळ,’ असे तिच्या आईने सांगून पाठवले होते. गुहेच्या तोंडाशी बसून ती मुळ्या उगाळी आणि येणारेजाणारे बघे. माहेरी तिने ऐकले होते की नवरा मोठा वैद्य आहे. इथे येऊन पाहते तर येणाऱ्यांची रीघ लागलेली. जंगल एवढे आजारी असते हे तिला ठाऊक नव्हते.

एका सकाळी खार आली. “वैद्यबुवा, घशात जरा खवखव...” एवढेच ती म्हणाली असेल. वैद्यबुवांचा पंजा वर गेला. डोक्यावरच पळसाची डहाळी लोंबत होती. एक देठ मोडला; एका देठाला तीन पाने. तिन्हींवर नख ओढून त्यांनी ती खारीच्या हातात दिली. “एक जळूकडे, एक मुंगळ्यांकडे, एक वटवाघळाकडे. एकदा बघून घेऊ.”

“अगंबाई, तीन?” खार म्हणाली. ती घाबरली होती आणि खूषही झाली होती. शेपटी फुगवून ती पाने मिरवीत निघाली.

तिच्या मागे मोर बसला होता. वैद्यबुवांनी त्याचे पोट दाबून पाहिले आणि म्हणाले, “काही नाही. चिंचा खाल्ल्यात काल. हे चाटण घ्या, संध्याकाळपर्यंत मोकळे व्हाल.”

मोर जागचा हलला नाही. “नुसतं चाटण?”

“मग?”

“त्या खारीला तीन पानं दिलीत. एवढीशी खार ती! आणि मला चाटणावर बोळवता? घरी जाऊन बायकोला काय सांगू, चिंचा निघाल्या म्हणून?”

फांदीवर बसलेला कावळा हसला. वैद्यबुवांनी कावळ्याकडे पाहिले आणि आणखी एक देठ मोडला. मोर तीन पाने पिसाऱ्यात खोचून डौलात गेला.

कावळ्याचे एक होते. मागल्या पावसाळ्यात एक म्हातारे साळिंदर कुशीत दुखते म्हणून वैद्यबुवांकडे आले होते. त्यांनी मुळी दिली, पान दिले नाही. आणि पंधरवड्याने साळिंदर गेले. वटवाघळाकडे पाठवायला हवे होते, हे खरेच. वैद्यबुवांना ते मनातून ठाऊक होते आणि लागलेही होते. पण कावळ्याने ते झाडोझाडी सांगितले. ‘पान दिलं नव्हतं हो, पान!’ तेव्हापासून कावळा फांदीवर बसला की वैद्यबुवांचा पंजा आपोआप वर जाई. रोगी कोण आहे, काय म्हणतो आहे, याच्याशी त्याचा संबंध उरला नव्हता.

सुनेने आणखीही बघितले. सकाळी ताजेतवाने असताना वैद्यबुवा दोन प्रश्न तरी विचारीत. ऊन कलले, पाठ दुखू लागली, की प्रश्न संपत आणि पाने सुरू होत. हातात पान पडले की रोगी उठे. पान म्हणजे ‘या आता’ म्हणण्याची सभ्य रीत झाली होती.

आणि पाने गेली की उत्तरे परत येत. वटवाघूळ खारीला म्हणाले, “आत काहीतरी गोलसर लागतंय. उंबर असेल. पण नसलं तर? पुन्हा या.” जळू मोराला म्हणाली, “रक्त बरं आहे, पण मागच्या मोराइतकं दाट नाही.” आत काहीतरी असतेच, आतून रिकामा प्राणी अजून कुणी पाहिलेला नाही. पण ‘आत काहीतरी आहे’ हे ऐकून कुणी घरी जाऊन नाचत नाही. खार अंथरूण धरून बसली. मोराने नाचणे सोडले. हिवाळा सरता सरता निम्मे जंगल पडून होते आणि उरलेले निम्मे त्यांच्या समाचाराला जात होते. समाचाराला गेलेले परत येताना वैद्यबुवांकडे डोकावून येत, उगाच आपले बघून घ्यावे म्हणून.

अशा वेळी कुणीतरी दोषी लागते. सासूबाईंनी ते घरातच शोधले.

“मी म्हणत नाही हो, लोक म्हणतात,” सासूबाई समाचाराला आलेल्या रानडुकरिणीला सांगत होत्या, सुनेला ऐकू जाईल इतक्या हळू. “पण पायगुण असतो एकेकीचा. आमच्या ह्यांच्या वेळी दिवसाला दोन रोगी, ते सुद्धा हसत जायचे. ही उंबरा ओलांडून आली आणि जंगल अंथरुणाला खिळलं.”

“पांढऱ्या पायाची असतात काही,” रानडुकरीण म्हणाली. तिला स्वतःला चार काळे पाय होते.

“पळस फुलला की सूनबाईला माहेरी पोचवून ये,” सासूबाईंनी त्या दुपारी वैद्यबुवांना सांगितले. “राहू दे तिकडं थोडे दिवस.”

सासूबाईंच्या तोंडी ‘थोडे दिवस’ म्हणजे किती, हे सुनेलाही कळले आणि वैद्यबुवांनाही. वैद्यबुवा म्हणाले, “बघू.” ते आईला कधी नाही म्हणत नसत. सुनेने मुळी उगाळणे चालू ठेवले. ओढ्यावर पाणी आणायला गेली तेव्हा मात्र तिने आपला पाय प्रवाहात धरून नीट पाहिला. काळा, केसाळ, पाच नखांचा पाय. पायासारखा पाय होता. पळसाकडे पाहिले, तर फांद्यांच्या टोकांना मखमली काळ्या कळ्या धरू लागल्या होत्या.

दोन दिवसांनी एक हरिणी आली आणि गुहेसमोरच गुडघ्यांवर बसली. सुनेने तिला ओळखले. ही आधीही येऊन गेली होती.

“वैद्यबुवा आंघोळीला गेलेत. बसा,” सून म्हणाली. “पाणी देऊ?”

“द्या वहिनी. पुन्हा पान घ्यायला आले मी. जळूबाई म्हणाल्या, रक्त पातळ झालंय, आणखी एकदा बघितलं पाहिजे.”

“आधी किती पातळ होतं?”

“पहिल्यांदा चांगलं होतं म्हणाल्या. दुसऱ्यांदा जरा पातळ. मग फार पातळ.” हरिणी धापा टाकीत थांबली. “आमचा कळप खाली नदीकाठी जायचा आहे, वहिनी. इथलं गवत संपलं. सगळे माझ्यासाठी खोळंबलेत. पण किती खोळंबतील? मागं राहिले तर बिबट्या आहेच.”

सुनेने द्रोण पुढे केला. “पहिल्यांदा तुम्ही आलात कशाला?”

“तेव्हा नुसती भूक नव्हती हो. कळप डोंगराच्या त्या अंगाला चरायला लागला, तिथलं गवत फार कडू. मला गिळवेना. ते सांगणारच होते वैद्यबुवांना.”

“मग?”

“‘वैद्यबुवा, मला’ एवढं म्हणाले, आणि हातात पानं होती.”

रक्त का पातळ झाले हे बघायला रक्त काढायचे, आणि काढल्यामुळे पातळ झालेले बघायला आणखी काढायचे. हे एखाद्या वेडगळ गाण्यासारखे कितीही वेळ चालले असते. फक्त हरिणीत तेवढे रक्त नव्हते.

“आज पान घेऊ नका,” ती म्हणाली. “उद्या या. त्यांना गवताचं सांगा. सगळं सांगून होईपर्यंत हात पुढं करायचा नाही.”

संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला. नव्या सुनेने नवऱ्याच्या धंद्यात बोलू नये, हेही तिला आईने सांगितले होते. पण बिबट्याचे काही सांगितले नव्हते.

“अहो, सगळ्यांना पानं द्यावीच लागतात का?”

“बघितलेलं बरं असतं,” वैद्यबुवा म्हणाले.

“खारीच्या खवखवीला मुंगळे कशाला?”

वैद्यबुवांनी मधाचे पोळे खाली ठेवले. ते रागावले नव्हते; थकलेले दिसत होते. “हे बघ. पान दिलं आणि काही निघालं नाही, तर कुणी काही म्हणत नाही. पान दिलं नाही आणि काही निघालं, तर कावळा आहे. साळिंदर डोळ्यापुढून जात नाही गं माझ्या.”

“ते कळतं मला. पण एखाद्याला एकच पान पुरेसं असलं तर?”

“एक कसं देणार? देठ मोडला की तिन्ही हातात येतात. दोन वेगळी करून फेकत कोण बसतंय?” आणि ते हसून म्हणाले, “पळसाला पानं तीनच!”

“मामंजींच्या वेळी कसं करायचे?”

“बाबा होय! बाबा जांभळाखाली बसायचे. त्याची पानं ही एवढी उंच. मागच्या पायांवर उभं राहून, हात ताणून एक पान काढायला लागायचं. बाबा फार कमी पानं द्यायचे.” वैद्यबुवांनी पुन्हा पोळे उचलले. आपण काय बोललो ते त्यांनी स्वतः ऐकले नाही. सुनेने ऐकले.

सकाळी सासूबाई बाहेर आल्या तेव्हा सून दगड लोटीत होती.

“हे काय आरंभलंस, सूनबाई?”

“पळस फुलायला आलाय ना, सासूबाई. आता साळुंक्या, पोपट, सगळे मध प्यायला जमतील. खाली बसणाऱ्याच्या डोक्यावर काय काय पडेल! वैद्याच्या डोक्यावर बरं नाही दिसत ते.”

सासूबाईंनी पळसाकडे पाहिले, मग लेकाच्या डोक्याकडे. “एवढं तरी कळतं म्हणायचं,” त्या म्हणाल्या आणि दगडाला मागून हातभारही लावला. दगड जांभळाखालच्या आपल्या जुन्या खळग्यात जाऊन असा बसला की जणू कुठे गेलाच नव्हता.

वैद्यबुवा येऊन बसले. पहिली खारच. “वैद्यबुवा, वटवाघूळ म्हणालं उंबर असेल, पण खवखव काही...”

वैद्यबुवांचा पंजा वर गेला. वर काही नव्हते. पंजा हवेतच राहिला. खार त्या पंजाकडे बघत राहिली. हवेत पंजा धरून बसलेला वैद्य फार वेळ शहाणा दिसत नाही, म्हणून त्यांनी त्याच पंजाने कान खाजवला आणि विचारले, “कधीपासून आहे?”

“बोरं खायला लागले तेव्हापासून.”

“कच्ची?”

“पिकेपर्यंत कोण थांबतं?”

“थांब जरा पिकेपर्यंत,” वैद्यबुवा म्हणाले आणि चाटण दिले.

मोर मात्र कुरकुरला. “पान नाही?” वैद्यबुवांनी वर पाहिले, आपल्या दुखऱ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “पानासाठी मला उठायला पाहिजे. उठण्यासारखं काही आहे का तुमच्यात, आधी ते बघू.” त्यांनी मोराचे पोट इतके सावकाश आणि सगळीकडून दाबून पाहिले की मोराचा मान राहिला. मग हरिणी आली. तिने मान खाली घालून, हात पुढे न करता, गवताची कथा पहिल्यापासून सांगितली. वैद्यबुवा ऐकत राहिले. ऐकता ऐकता त्यांचे तोंड उतरले. “जळूकडे आता जायचं नाही,” ते म्हणाले. “ओढ्याकाठची कोवळी लव्हाळी खा, सावलीत पडून राहा. कळपाला माझा निरोप सांगा, थोडं थांबा म्हणावं.”

सून मुळी उगाळीत होती. तिला बरे वाटले, पण फार वेळ नाही. दुपार कलली तसे तिच्या मनात एक आले. दगड आपण हलवला. आज वैद्यबुवांना उठायचा कंटाळा आहे म्हणून चिंचा आणि बोरे सुटली. पण साळिंदरासारखे कुणी आले, आणि त्याही वेळी ते कंटाळले तर? मग कुणी तरी खरोखर मरेल. आणि ह्या खेपेला पायगुण कुणाचा होता याबद्दल तिला स्वतःलाही शंका राहणार नाही.

उन्हे तिरपी झाल्यावर मुंगूस आले. लहानखुरे, गप्प. “विशेष काही नाही,” ते म्हणाले. “कुशीत जरा दुखतं. तुम्ही दमलेले दिसता, उद्या येतो.”

कावळा जांभळावर येऊन बसला होता. त्याने चोच उघडली. पण त्याच्याकडे कुणी बघत नाही हे लक्षात येऊन ती मिटली.

सुनेच्या हातातली मुळी थांबली.

वैद्यबुवा खरोखरच दमलेले होते. त्यांनी मुंगसाला जवळ घेतले. “कुठं दुखतं? इथं? का इथं?” बरगडीखाली पंजा टेकताच मुंगसाने अंग चोरले. “किती दिवस? जेवण जातं? काय खाल्लं होतंस तेव्हा?” उत्तरे ऐकून त्यांनी वर, उंच पानांकडे पाहिले. सून त्यांच्या पाठीकडे बघत होती. ती पाठ सकाळपासून दुखत होती, हे तिला ठाऊक होते.

मग ती पाठ हलली. वैद्यबुवा दगडावरून उठले, मागच्या पायांवर उभे राहिले, सगळे अंग ताणून त्यांनी हात वर नेला आणि जांभळाचे एक पान तोडले. एकच. त्यावर नख ओढून ते म्हणाले, “वटवाघळाकडे आत्ता जा. उद्या नाही. त्याला सांग, डाव्या बरगडीच्या खाली बघ. हाडाचा तुकडा अडकल्याचा संशय आहे. दुसरं काही सापडलं तर ते मला सांगू नको म्हणावं.”

सुनेने मुळी पुन्हा उगाळायला घेतली.

वटवाघळाला तुकडा सापडला, सांगितला होता तिथेच. आजवर ‘जे सापडेल ते’ शोधीत आलेल्या त्या प्राण्याला, काय शोधायचे ते कुणी सांगितल्याचे फार नवल वाटले. वैद्यबुवांनी तेल पाजून, पोट चोळून, तुकडा खाली उतरवला. मुंगूस वाचले. काही दिवसांनी हरिणी कळपाच्या अगदी मागून का होईना, पण आपल्या पायांनी नदीकडे गेली. खारीची बोरे पिकली. मोर नाचू लागला, आणि आपण पानाशिवाय बरे झालो हे तो आता अभिमानाने सांगत असे. कावळ्याने नवा विषय शोधला.

पळस फुलला तेव्हा सगळा उतार लाल झाला होता. रानडुकरीण आली होती, पण समाचाराला नव्हे. घरात कुणी पडलेले नव्हते, म्हणून नुसती गप्पा मारायला.

“मग, सुनेला कधी पोचवताय माहेरी?” तिने विचारले.

“इश्श, काहीतरीच काय!” सासूबाई म्हणाल्या. “आमच्या सूनबाईचा पायगुण लाखात एक. उंबरा ओलांडून आली आणि सगळं जंगल खडखडीत बरं झालं बघा!”

सून आत होती. तिने आपल्या पायाकडे पाहिले. पाय तोच होता. तिने तो अंगाखाली ओढून घेतला आणि मुळी उगाळू लागली.

तात्पर्य : हाताला लागते म्हणून तोडलेले पान बहुधा तोडणाऱ्याच्याच भीतीवरचे औषध असते; ज्याच्यासाठी दुखऱ्या पाठीनेही उठावेसे वाटते, पान त्याच्यासाठी तोडावे, आणि त्याच्यासाठी मात्र उठावेच.